कम बाकी

माझ्या नवऱ्याने दोन बोटं वर केली आणि आमचा क्लब वरच्या लीगमध्ये जायचा राहिला, असं लोक म्हणतात. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण ती बोटं मी रोज घरात बघते. त्याच बोटांनी तो चहात बिस्किट बुडवतो आणि आमच्या लेकीच्या, फियोनाच्या सायकलची चेन चढवतो. म्हणून आधी माझं ऐका, मग काय म्हणायचं ते म्हणा.

मी इनेज. शारजाला अल मजाजमध्ये राहते, एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत सुपरवायझर आहे. नवरा प्रेस्टन, आमच्या वसईतल्या गास गावचा. इथल्या एका प्रोफेशनल फुटबॉल क्लबात असिस्टंट कोच. दुसऱ्या डिव्हिजनचा का असेना, पण प्रोफेशनल. क्लबचं नाव मी घेणार नाही. तिथली माणसं अजून तिथेच नोकरी करतात, आणि त्यातली काही चांगली आहेत. आमच्या वसईत फुटबॉल घरोघरी. चर्चमधली मिस्सा संपली की फादरसुद्धा ऑफसाइडवरून वाद घालतात. पण गल्फमध्ये प्रोफेशनल क्लबच्या बेंचवर बसणारा आमच्याकडचा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही. सुट्टीत गावी गेलो की चर्चच्या, पारिशच्या टुर्नामेंटला ह्याला पाहुणा म्हणून खुर्ची मिळते. खुर्ची प्लास्टिकचीच, पण पहिल्या रांगेत.

हेड कोच ट्युनिशियाचा. मोन्सेफ त्याचं नाव. उंच, केस मागे वळवलेले, मॅचला काळा सूट घालून मैदानाच्या कडेने येरझाऱ्या घालणारा. मागे आमचा प्रेस्टन, गळ्यात स्टॉपवॉच. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत कोच स्वतः घड्याळाकडे बघत नाही. ते काम प्रेस्टनचं. कोच मान न वळवता मागे विचारतो, ‘कम बाकी?’ अरबीत ‘कम’ म्हणजे किती. बाकी म्हणजे बाकीच, त्यांच्यातही आणि आपल्यातही. नवीन नवीन असताना ह्याला ते हिंदी ‘कम’ वाटलं. कोचने विचारलं, ‘कम बाकी?’ तर हा म्हणाला, हां कोच, बहुत कम. घरी येऊन सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो.

पुढे तो शब्द त्याच्या अंगवळणी पडला. अंगवळणी कसला, डोक्यात गेला म्हणा. मॅचवरून आला की बूट काढायच्या आधी सांगायचा, आज कोचने इतक्यांदा विचारलं. मला विचारल्याशिवाय तो एक माणूस बदलत नाही, हे त्याने माझ्या आईला फोनवर सांगितलं, बिल्डिंगच्या वॉचमनला सांगितलं, चर्चबाहेर भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं. मी म्हणायची, हो बाबा, सूर्यसुद्धा उगवायच्या आधी तुलाच विचारून येतो. तो हसायचा. चिडायचा नाही, कारण त्याला ते खरंच वाटायचं.

आता त्या मॅचचं सांगते. सीझनमधली शेवटची मॅच होती. जिंकलो तर क्लब वर जाणार, बरोबरी झाली तर दुसराच क्लब जाणार. मे महिना, उकाडा असा की खेळाडूंना मध्येच पाणी प्यायला थांबवत होते. मी आणि फियोना घरी लॅपटॉपवर बघत होतो. मी पेपर पसरून कोळंबी सोलत होते.

ज्यांना फुटबॉल कळत नाही त्यांच्यासाठी एकच नियम सांगते, तेवढा पुरे. मॅचमध्ये पाच खेळाडू बदलता येतात, पण त्यासाठी चालू खेळात फक्त तीनदाच थांबता येतं. त्या प्रत्येक थांबण्याला हे लोक विंडो म्हणतात. तीन विंडो वापरल्या की खलास. मग कुणाचा पाय मोडला तरी बदली खेळाडू आत जात नाही, दहा जणांनी खेळायचं. आमच्या दोन विंडो वापरून झाल्या होत्या. एक उरली होती. नव्वद मिनिटं होऊन वरचा जोडलेला वेळ चालू होता आणि आम्ही एका गोलने पुढे होतो.

स्क्रीनवर मला दिसलं. कोचचे ओठ हलले. मागे प्रेस्टनने घड्याळाकडे पाहिलं आणि दोन बोटं वर केली. तोंडाने म्हणालाही, ‘इथनेन.’ म्हणजे दोन. हा म्हणत होता, दोन मिनिटं बाकी. कोच विचारत होता, विंडो किती बाकी. असं नंतर ठरलं.

कोचने एक बदल केला. गरज नव्हती, नुसता वेळ काढायला. आमचा फॉरवर्ड बाहेर निघाला तो असा रमत-गमत, की नवरीसुद्धा आल्टरकडे ह्याच्यापेक्षा भरभर जाईल. फियोना म्हणाली, “नाइस, दॅट किल्स सम टाइम.” पण रेफरी काही दूधखुळा नसतो. असा बदल केला की तेवढा वेळ तो पुढे जोडतो. आणि त्या जोडलेल्या वेळात आमचा बचावातला स्टॉपर मुश्ताक मांडी धरून खाली पडला. ह्याच वाळूत वाढलेला पोरगा, उन्हाची सवय असलेला, त्याचाही स्नायू गेला.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. बदली खेळाडू जॅकेट काढून उभा. कडेचा ऑफिशियल हाताने नाही-नाही करतोय. कोच त्याच्या तोंडासमोर एक बोट नाचवतोय, एक आहे, अजून एक आहे. मग कोच मागे वळला आणि त्याने प्रेस्टनकडे हात केला. प्रेस्टनच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मुश्ताकला उचलून नेलं, आम्ही दहा जण राहिलो, समोरच्यांना कॉर्नर मिळाला, आणि ज्या माणसाला मुश्ताकने अडवायचं होतं त्यानेच डोक्याने गोल मारला. आमच्याच बदलामुळे वाढलेल्या वेळात. मग शिट्टी झाली.

फियोनाने लॅपटॉप मिटला. मी राहिलेली कोळंबी सोलली. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी पेपरात कोचचं स्टेटमेंट आलं. ‘जबाबदारी माझी आहे. माझ्या स्टाफच्या चुकांची जबाबदारीही माझीच.’ काय टाळ्या पडल्या त्याला. केवढं मोठं मन म्हणे. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जबाबदारी स्वतः घेतली आणि चूक ह्याच्या गळ्यात बांधली. आमच्या लॉन्ड्रीतसुद्धा असले साहेब आहेत. ‘ही माझ्या मुलांची चूक, मी माफी मागतो,’ म्हणतात, आणि मग मुलगा घरी जातो, साहेब राहतो.

तेवढ्यात ती क्लिप निघाली. दोन बोटांची. कुणी कापली, कुणी पाठवली, देव जाणे. सुरूच तिथून होते जिथे ह्याची बोटं वर आहेत. वसईच्या ग्रुपवर आली, चर्चच्या ग्रुपवर आली, माझ्या लॉन्ड्रीतल्या मुलींच्या फोनवर आली. कुणीतरी खाली लिहिलं होतं, आमच्या गासच्या बोटांची कमाल. लिहिणारा ह्याचाच शाळेतला मित्र होता. दरवर्षी पहिल्या रांगेत ह्याच्या बाजूच्या खुर्चीत बसणारा.

मला राग आला की मी बोलते. मोठ्याने बोलते, शेजारच्या मल्याळी बाईला कळेल असं बोलते. ती सवय आहे, त्याने मन मोकळं होतं. मला वाटलं, हाही काहीतरी करील. रडेल, एखादी प्लेट आपटेल, मोन्सेफच्या नावाने चार शिव्या घालील. काही नाही. मॅचवरून आला, बूट जागेवर ठेवले, जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशीही तेच. चहा ठेवला तर पितो, नाही ठेवला तर मागत नाही. एसीचा रिमोट हातात धरून सोफ्यावर बसतो, एसी चालू आहे की बंद ह्याचं भान नाही. काही विचारलं की हो. दुसरं काही विचारलं की बरं. फियोना त्याच्यासमोर बसून म्हणाली, “डॅड, जस्ट टेल देम ही आस्क्ड अ स्टुपिड क्वेश्चन.” त्यावर हा म्हणाला, हो बेटा.

गाडी चालवायचीही त्याने बंद केली. का, ते सांगितलं नाही. किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवून दिली.

मी त्याच्याशी वाद घातला. भिंतीशी घालावा तसा घातला. म्हटलं, प्रश्न नीट विचारायचा कुणी? किती बाकी म्हणजे काय बाकी? मिनिटं, माणसं, का टोपातला भात? माझ्याकडे कुणी नुसतं ‘किती राहिले’ विचारलं तर मी आधी विचारते, चादरी का टॉवेल. हेड कोच म्हणून जो मिरवतो त्याला एक शब्द जास्त बोलायला काय झालं? ह्याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला सुळी. तो ऐकून घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला की काय बाकी, ते मी विचारायला हवं होतं. आणि परत रिमोट उचलला.

खरं सांगायचं तर हळूहळू मीही तशीच व्हायला लागले. पालथ्या घड्यावर किती दिवस पाणी ओतणार? कामावर टॉवेलांच्या गाड्या यायच्या, मी न बघता सही करायची. रविवारी चर्चमध्ये शेजारणीने हळूच हात दाबला तर मला कळेना की कशासाठी. घरात आम्ही तिघं, तीन भाड्याने राहणाऱ्या माणसांसारखी. मला वाटलं, ह्याच्यापेक्षा भांडण बरं.

मग उमैमाचा फोन आला. उमैमा म्हणजे क्लबची ऑपरेशन्स मॅनेजर, इथलीच एमिराती, क्लबच्या सगळ्या कामाचा गाडा तीच ओढते. प्रेस्टनचा फोन बंद होता म्हणून तिने मला केला. ती सरळ बाई आहे, गोल-गोल बोलत नाही. तिने सांगितलं की डायरेक्टर दोघांनाही वेगवेगळं बोलावणार आहेत आणि एकच गोष्ट विचारणार आहेत. तो बदल कुणाच्या शब्दावर झाला? कोचने स्वतःच्या मनाने केला असेल तर कोच जाणार, प्रेस्टन राहणार. प्रेस्टनच्या सांगण्यावरून केला असेल तर प्रेस्टन जाणार. आणि असा गेला तर दुसरा कुठला क्लब त्याला बेंचवर बसवील असं तिला वाटत नाही, कारण ती क्लिप सगळ्यांकडे पोचली आहे. नोकऱ्या दुसऱ्या मिळतील, कुठल्यातरी शाळेत पीटी शिकवता येईल. माझा व्हिसा माझ्या हॉटेलचा आहे, त्यामुळे राहायचा प्रश्न नव्हता. प्रश्न बेंचचा होता. त्या माणसाला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोही आहे.

मी त्याला किचनमध्ये उभं केलं आणि एक वाक्य पाठ करून घेतलं. ‘कोचने मला मिनिटं विचारली असं समजून मी मिनिटं सांगितली, बदल करा असं मी सांगितलं नाही.’ बस. ह्यापुढे एक अक्षर बोलायचं नाही. लहानपणी सिस्टरने कॅटेकिझम घोकून घेतलं तसं घोकून घेतलं. त्याने म्हणून दाखवलं, बिनचूक. माझ्या मनात आलं, हे वाक्य त्याला पाठ झालंय खरं, पण ते त्याचं आहे असं वाटत नाही.

मीटिंग सकाळी होती. मी सुट्टी टाकली आणि गाडी काढली. वाटेत दोन्ही बाजूला वाळू, आणि हा खिडकीतून तिच्याकडे बघत. मी म्हटलं, वाक्य लक्षात आहे ना? म्हणाला, हो. क्लबवर पोचलो तेव्हा कोच आधीच आत होता. उमैमाने आम्हाला वरच्या मजल्यावर कॉरिडॉरमध्ये बसवलं, पाणी दिलं. थोड्या वेळाने कोच बाहेर आला आणि डायरेक्टरांनी प्रेस्टनला आत बोलावलं. दोघं दारात एकमेकांच्या बाजूने गेले. कोचने ह्याच्या खांद्यावर हात ठेवला. ह्याने तो ठेवू दिला.

कोच निघून जाईल असं मला वाटलं होतं. तो गेला नाही. माझ्यासमोर येऊन उभा राहिला, मॅडम इनेज म्हणाला, बसू का विचारलं. सूट नव्हता, साधा टी-शर्ट होता, आणि जवळून बघितलं तर माणूस थकलेला दिसत होता. मला त्याची दया आली नाही. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या अरबीत जे होतं ते सगळं सांगितलं. जबाबदारी कशाला म्हणतात, ते. माझा नवरा घरात कसा बसतो, ते. आणि शेवटी विचारलं की तुला एक शब्द जास्त बोलायला काय झालं होतं? किती बाकी नव्हे, किती विंडो बाकी.

तो माझ्या बाजूच्या खुर्चीत बसला. मग बोलला ते मी विसरणार नाही.

“मॅडम, मी काहीच विचारत नव्हतो. ‘कम बाकी’ ही माझी सवय आहे. माझे कोच असंच मागे विचारायचे, म्हणून मीही विचारतो. उत्तर मी ऐकत नाही. कधीच ऐकलं नाही. त्या दिवशी तर प्रेस्टनने बोटं वर केली, त्याच्या आधीच मी कडेच्या ऑफिशियलला बदलाचा नंबर दिला होता. विंडो मी स्वतः विसरलो.”

आपण नाही का फोनवर बोलताना विचारतो, बाकी काय? समोरचा काय बाकी ते सांगत असतो आणि आपण गॅसवरची डाळ बघत असतो. तसलं. इतकी वर्षं माझा नवरा ज्याचं उत्तर द्यायला घड्याळाला डोळे लावून उभा राहायचा, ते नुसतं ‘बाकी काय’ होतं.

मी विचारलं, हे तू आत सांगितलंस का? तो म्हणाला, आत मी एवढंच सांगितलं की मी विचारलं आणि त्याने दोन दाखवली. दोन्ही खरं आहे. पुढचं त्यांनी विचारलं नाही. मी म्हटलं, मग आता जाऊन सांग. तो म्हणाला की त्याची मुलं लहान आहेत, सीझनभर मेहनत केलीय, आपण होऊन तो जाणार नाही. पण प्रेस्टनने आत सांगितलं की बदल त्याच्या शब्दावर झाला नाही, आणि त्यांनी कोचला परत बोलावलं, तर तो खोटं बोलणार नाही. वल्ला, देवाशपथ, म्हणाला. मान वर करून म्हणाला, आणि माझा त्याच्यावर विश्वास बसला. लबाड होता, पण खोटारडा नव्हता.

तो पार्किंगकडे गेला. मला एकदम हातपाय परत मिळाल्यासारखं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला नीट काहीतरी जाणवत होतं. वाटलं, सुटलो. प्रेस्टन आत ते पाठ केलेलं वाक्य म्हणत असणार, आणि नसला म्हणत, तरी आता माझ्या हातात हुकमाचं पान होतं.

दार उघडलं. प्रेस्टन आणि मागून उमैमा. उमैमा माझ्याकडे बघून बोलली, त्याच्याकडे बघून नाही. डायरेक्टर आता नमाजला उठतील, निर्णयाच्या कागदावर सही त्यानंतर होईल. तोपर्यंत प्रेस्टनला आपल्या म्हणण्यात काही बदलायचं असेल, काही जोडायचं असेल, तर त्याने परत वर यावं. मी इथेच आहे, म्हणाली. हे ती का सांगतेय ते मला कळलं. आत काय झालं असेल तेही.

गाडीत बसलो. आतली हवा तव्यासारखी तापलेली, मी एसी लावून ठेवला. कोचची गाडी अजून समोर उभी होती, तो आत बसून फोनवर बोलत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रेस्टन म्हणाला की त्याला भूक लागलीय. येताना रोडवर कॅफेटेरिया दिसला होता, तिथे पराठा खाऊ, आणि करक चहा. हे तो आपण होऊन म्हणाला. मी वळून बघितलं. चेहऱ्यावर रंग होता.

मग तो बोलायला लागला. बंद नळाला अचानक पाणी यावं तसा. आत तीन जण होते, मधल्या म्हाताऱ्या डायरेक्टरने फार आदराने बसवलं. त्याने विचारलं की बदल कुणाच्या शब्दावर झाला. प्रेस्टनने सांगितलं, माझ्या. म्हाताऱ्याला आश्चर्य वाटलं. त्याने परत विचारलं की हेड कोच तुमच्या शब्दावर बदल करतो? प्रेस्टन म्हणाला, नेहमी. आधी मला विचारतो, मग करतो. मग त्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि म्हातारा म्हणाला की आम्हाला हे माहीत नव्हतं, आम्हाला वाटायचं तुम्ही फक्त घड्याळ बघता.

मी म्हटलं, तुला काय बोलायला सांगितलं होतं मी?

“ते वाक्य मी म्हणणार होतो,” तो म्हणाला. “पण ते म्हटलं असतं तर एवढी वर्षं मी तिथे काय करत होतो, इनेज? चूक झाली माझी. मी एक शब्द बोललो आणि त्याने पूर्ण मॅच त्या शब्दावर टाकली. शब्द चुकीचा होता. पण माझा होता.”

एवढे दिवस ओठ न उघडलेला माणूस हे बोलत होता, आणि बोलताना हातवारे करत होता. पूर्वी मॅचवरून आला की करायचा तसे. बेंच गेला होता हे त्याला कळत होतं, मूर्ख नाहीये तो. तरी तो ताठ बसला होता.

मी विचारलं, “तो तुझं ऐकायचा?”

“ऐकायचा ना,” प्रेस्टन म्हणाला. “नाहीतर दर वेळी विचारेल कशाला?”

पलीकडच्या मशिदीत अजान सुरू झाली. उमैमा वरच्या काचेपाशी उभी होती, मला दिसत होती. कोच समोरच्या गाडीत. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते की हा वर गेला असता, कोचला परत बोलावलं असतं, तो खरं बोलला असता, आणि पुढच्या सीझनला माझा नवरा त्याच बेंचच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभा राहिला असता. नव्या कोचने मागे न बघता काहीतरी विचारलं असतं, आणि उत्तर देताना दर वेळी ह्याच्या मनात आलं असतं की हा तरी ऐकतोय का.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या गासला माहीत आहे. सासूबाई मरेपर्यंत हेच म्हणायच्या.

मी म्हटलं, “हो. खरं आहे.” आणि गाडी गेटबाहेर काढली.